कलिंगानंतरचा अशोक

हातून घडलेल्या चुकीची ज्याला खंत वाटत नाही, तो मनुष्य कठोर म्हटला पाहिजे. परंतु ती खंत जन्मभर उराशी धरून बसणाराही कोणाच्या उपयोगी पडत नाही. या दृष्टीने सम्राट अशोकाचे चरित्र पाहण्याजोगे आहे.

राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी, इ. स. पूर्वी २६१ च्या सुमारास, अशोकाने कलिंग देश जिंकला. त्या युद्धात एक लक्ष माणसे मारली गेली, दीड लक्ष माणसांना देशोधडीला लावण्यात आले आणि त्यांहून कितीतरी अधिक माणसे नंतर मेली. हे आकडे शत्रूने सांगितलेले नाहीत. विजयी राजाने स्वतःच ते आपल्या तेराव्या शिलालेखात कोरविले व या विजयाचे आपणास दुःख होते, हेही तेथेच नमूद केले. जेत्यांच्या इतिहासात अशी कबुली विरळाच!

रणभूमी पाहताच राजा एका दिवसात पालटला, असे गोष्टींतून सांगतात. त्याचे लेख मात्र निराळे बोलतात. बुद्धाचा उपासक झाल्यावरही पहिले वर्षभर आपल्या हातून फारसा प्रयत्न झाला नाही, असे तो मोकळेपणाने सांगतो. पुढे तो श्रद्धेने भिक्षुसंघाच्या सान्निध्यात आला, तेव्हा कोठे त्याच्या प्रयत्नांस जोर चढला. मेलेली माणसे परत येणार नव्हती; जिवंतांसाठी काही करणे हाती होते. त्याने माणसांच्या व जनावरांच्या औषधोपचारांची सोय केली, विहिरी खणविल्या, वाटांच्या कडेने झाडे लावविली. जिंकलेला कलिंग मात्र त्याने परत दिला नाही, ही उणीव दृष्टीआड करता येत नाही.

खुद्द कलिंगात, धौली व जौगड येथील खडकांवर, तो तेरावा लेख आढळत नाही. ज्यांची माणसे मेली, त्यांना राजाचे दुःख ऐकून काय मिळणार होते? त्यांना हवा होता निर्धास्तपणा. तेथे दोन निराळे लेख आहेत. सर्व माणसे आपली लेकरे आहेत, विनाकारण कोणास बंदीत टाकू नये, कोणाचा छळ करू नये, अशी ताकीद त्यांत अधिकाऱ्यांस दिली आहे. सीमेपलीकडील लोकांनी आपले भय न धरता आपल्यावर विश्वास ठेवावा, अशी इच्छाही राजाने व्यक्त केली आहे. ज्याच्या तलवारीने घरे उजाड झाली, त्याने विश्वास मागावा, हे सोपे नव्हे. तो आज्ञेने मिळत नाही आणि अश्रूंनीही मिळत नाही. म्हणूनच की काय, हे लेख ठरावीक काळाने तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवावेत आणि मधल्या काळातही, ऐकणारा एकटाच असला तरी, वाचावेत, असे त्याने कोरून ठेविले.