उत्पन्न थांबलं, दाखला मात्र गेल्या वर्षीचा

बारावीचा निकाल, सीईटी, प्रवेशाच्या फेऱ्या आणि मग कागदपत्रांची धावपळ. दरवर्षी आपल्या घराघरांत हेच चाललेलं असतं. या गडबडीत एक प्रश्न आम्हा शिक्षकांसमोर हमखास येतो. घरातला कमावता माणूस यंदाच गेला, किंवा त्याची नोकरी यंदाच सुटली, तर मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी कुठलं उत्पन्न धरतात? उत्तर सरळ आहे: सरलेल्या आर्थिक वर्षाचं. म्हणजे वालिद मरहूम झालेत, घरात पगार येत नाही, पण कागदावर ते अजून कमावते आहेत.

हा प्रश्न आज जास्त टोचतो, कारण केंद्राचा आधार आकसला आहे. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद केल्याचं सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत सांगितलं. त्याच वर्षी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी थांबली आणि फक्त नववी-दहावीपुरती उरली. त्यामुळे कॉलेजच्या फीसाठी आपली मदार आता मुख्यतः राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या योजनांवर आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. तिथेही मर्यादा ८ लाखांचीच, आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. मोमीन, बागवान, अत्तार, पिंजारी अशा आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. बाकीच्यांना अटी पूर्ण होत असतील तर ईडब्ल्यूएसचा दाखला काढता येतो.

नियम कुठे अडतो?

ज्यांचं उत्पन्न आधीपासूनच कमी होतं, त्यांची अडचण होत नाही. अडकतात ती कालपर्यंत बरं चाललेली घरं. रत्नागिरी-रायगडकडचा माणूस कुवेतची नोकरी सुटून परत येतो. भिवंडी किंवा मालेगावात चार यंत्रमाग असलेला भाऊ ते विकून कर्ज फेडतो. कॅन्सरच्या इलाजात घराची सगळी बचत जाते. गेल्या वर्षीचा आकडा ९ लाख आणि आजची कमाई शून्य असेल, तर योजनेला ९ लाखच दिसतात.

याहून अवघड गोष्ट सोडून दिलेल्या बायकांच्या मुलांची. बाप वेगळा राहतो, एक पैसा देत नाही, पण दाखल्यात उत्पन्न त्याचंच विचारलं जातं. आणि ज्या घरात मौत झाली, तिथे अम्मी चार महिने दहा दिवस इद्दतमध्ये असते. नेमकी तीच अर्जाची मुदत असली तर तहसीलला जाणार कोण, हा प्रश्न उरतो. अशा वेळी १८ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाने किंवा मुलीने ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा सेतू केंद्रातून स्वतः अर्ज करावा. अम्मीने गरजेपुरतं बाहेर पडण्याबाबत आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारून घ्यावं. मुदत मात्र जाऊ देऊ नये.

अमेरिकेतही मदत ठरवताना जुनंच उत्पन्न धरतात. २०२५-२६ च्या अर्जात २०२३ चं उत्पन्न मागितलं होतं. पण तिथल्या कायद्यानेच कॉलेजच्या मदत अधिकाऱ्याला अधिकार दिला आहे की नोकरी गेली, मृत्यू झाला, तलाक झाला किंवा दवाखान्याचा मोठा खर्च आला, तर कागद बघून त्या एका विद्यार्थ्यापुरता आकडा बदलावा. ‘आम्ही असे अर्ज घेतच नाही’ असं धोरण कॉलेजला ठेवता येत नाही, आणि ही सोय आहे हे विद्यार्थ्यांना जाहीरपणे सांगावं लागतं. निर्णय शेवटी कॉलेजचाच, हमी काही नाही. तरी ठोठवायला दार आहे. आपल्याकडे ते दारच नीट दिसत नाही.

आज काय करता येईल?

पहिलं, पोर्टलवरचा शेरा पूर्ण वाचा. अर्ज ‘सेंड बॅक’ झाला म्हणजे नाकारला गेला असं नाही. तो दुरुस्तीसाठी परत आलेला असतो. पुष्कळ मुलं इथेच हिंमत सोडतात आणि दुरुस्तीची तारीख निघून जाते. पोर्टलवर तक्रारीचीही सोय आहे. तक्रार केली की तिचा क्रमांक जपून ठेवा.

दुसरं, उत्पन्नाचा दाखला. तलाठ्याच्या चौकशीत वस्तुस्थिती लेखी द्या: मृत्यूचा दाखला, नोकरी संपल्याचं पत्र, व्हिसा रद्द झाल्याचा कागद, यंत्रमाग विकल्याची पावती. बाप वेगळा असेल तर कोर्टाचा आदेश, खुलानामा किंवा तलाकनामा, वेगळं रेशनकार्ड. दाखला चुकीचा मिळाला, नाकारला किंवा नुसता रखडवला, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली वरच्या अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. त्यानंतर दुसरं अपील, आणि शेवटी आयोग.

तिसरं, प्राचार्यांना अर्ज आणि त्याची प्रत शिष्यवृत्ती देणाऱ्या विभागाला. अर्ज एका पानाचा पुरे. काय झालं, कोणत्या तारखेला झालं, आधी महिन्याला किती येत होते, आता किती येतात, आणि तुम्हाला नेमकं काय हवं आहे: अर्जाचा फेरविचार, फीचे हप्ते, की संस्थेच्या निधीतून मदत. रडगाणं नको, आकडे आणि कागद हवेत. आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पुढच्या वर्षी एप्रिलनंतर नव्या आर्थिक वर्षाचा दाखला लगेच काढा, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा अर्ज तरी खऱ्या उत्पन्नावर जाईल.

लेखी मागितल्याने काय होतं, त्याचं उदाहरण २०२४ चं आहे. मुजफ्फरनगरच्या एका दलित मजुराच्या मुलाची आयआयटी धनबादची जागा १७,५०० रुपये वेळेत न भरल्याने गेली. घरच्यांनी अनुसूचित जाती आयोग, विधी सेवा, हायकोर्ट असं एकेक दार वाजवलं. अखेर ३० सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने त्याला प्रवेश द्यायला सांगितलं. सगळ्यांना दिल्ली गाठायची गरज नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. म्हणजे अम्मी किंवा मुलगी स्वतः अर्ज करू शकते.

आमची मागणी

एकेका घराने लढायचं आणि बाकीच्यांनी बघायचं, हे किती दिवस चालणार? राज्याने शिष्यवृत्तीच्या शासन निर्णयात ‘परिस्थितीत बदल’ असं एक कलम घालावं. मृत्यू, नोकरी जाणं, गंभीर आजार, तलाक किंवा नवऱ्याने सोडून देणं, अशा कारणांत चालू वर्षाचं उत्पन्न धरावं. कॉलेज पातळीवरच्या समितीने ठरलेल्या मुदतीत निर्णय द्यावा आणि नकार दिला तर कारण लेखी द्यावं. आपल्या आमदारांना आणि अल्पसंख्याक आयोगाला निवेदन देताना हा मुद्दा घ्यायला हवा.

तोवर मस्जिद आणि जमातीने दोन कामं उचलावीत. जुमाच्या नमाजनंतर अर्जांच्या तारखा जाहीर कराव्यात, आणि अर्ज भरता येणाऱ्या दोन तरुणांना मोहल्ल्यासाठी नेमावं. बैतुलमालमधून पहिल्या हप्त्याची सोय झाली तर शिष्यवृत्ती येईपर्यंत मूल वर्गात टिकेल. एकदा वर्ष बुडालं की ते मूल दुकानावर किंवा रिक्षावर जातं, आणि मग दाखला मिळूनही उपयोग राहत नाही.