कथा अर्धी टाकून उठू नका

डिसेंबर लागला की कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच चर्चा असते, ट्रिप कुठे काढायची? कुणी गोवा म्हणतं, कुणी तारकर्ली. शेवटी सर किंवा मॅडम त्याला ‘अभ्यास दौरा’ असं नाव देतात, म्हणजे प्राचार्यांची सहीही मिळते आणि घरची परवानगीही. आता तर फिल्ड प्रोजेक्टचे क्रेडिट्सही असतात. त्यामुळे सकाळी किल्ला, संध्याकाळी बीच आणि मधल्या तासाभरात ‘स्थानिक लोककला’ असा कार्यक्रम ठरतो. या मधल्या तासाबद्दलच आज तुमच्याशी बोलायचं आहे.

काही वर्षांपूर्वी मीही अशाच एका बसमध्ये होतो. सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळीत आमची बस थांबली. एका घराच्या खळ्यात आम्ही चाळीसेक जण दाटीवाटीनं बसलो. एका आजोबांनी चित्रांची पोथी काढली आणि वीणा, हुडूक, टाळ यांच्या साथीनं रामायणातली कथा सुरू केली. एक चित्र उभं राहायचं, त्यावर गाणं, मग दुसरं चित्र. जेमतेम पाच-सहा चित्रं झाली असतील, तेवढ्यात बाहेर बसचा हॉर्न वाजला. आम्ही पटापट सेल्फी काढले, कुणी तरी ताटलीत शंभराची नोट टाकली. आजोबा पोथी बांधता बांधता एवढंच म्हणाले, “अर्धी कथा टाकून उठू नये रे पोरांनू.” आम्ही हसलो आणि बसमध्ये चढलो. रात्री एकीनं विचारलं, “पुढे काय झालं असेल रे?” रामायण सगळ्यांनाच माहीत होतं, पण त्या आजोबांचं रामायण कुणालाच माहीत नव्हतं.

आपण नेमकं काय टाकून उठलो, हे मला फार नंतर कळलं. पिंगुळीच्या ठाकर समाजाकडे चित्रकथी आहे, दोऱ्यांवर नाचणाऱ्या कळसूत्री बाहुल्या आहेत आणि चामड्याच्या छायाबाहुल्याही आहेत. चित्रकथीत हातानं रंगवलेले कागद एकमेकांना पाठीला पाठ लावून चिकटवतात. एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे पोथी. तीत वाचायला अक्षर नसतं. कथा सांगणाऱ्याच्या डोक्यात आणि गळ्यात असते. म्हणजे पोथी संग्रहालयात ठेवून चित्रं वाचतील, कथा वाचणार नाही. ती वाचवायची तर कुणी तरी समोर बसून ती पूर्ण ऐकायला हवी. याच गावच्या परशुराम विश्राम गंगावणे यांनी आपल्या घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं, आणि 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पुरस्कार आला की आपण टाळ्या वाजवतो, स्टेटस ठेवतो. खरा प्रश्न असतो तो पुढच्या पिढीचा. त्या घरातल्या मुलानं किंवा मुलीनं हीच कला का धरून ठेवावी? उत्तर बरंचसं आपल्यासारख्या पाहुण्यांच्या वागण्यावर ठरतं. समोरचे वीस मिनिटांत उठून जाताना ते मूल रोज पाहत असेल, तर ते काय ठरवेल?

आता तिथून थोडं पुढे, सावंतवाडीला चला. मोती तलावाकाठी फोटो काढाच, पण राजवाड्यातली गंजिफा बघितल्याशिवाय परतू नका. हे हातानं रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाचे बारा पत्ते, एकूण 120. गेल्या शतकात एक वेळ अशी आली होती, की हे पत्ते करणारा एकच वयोवृद्ध चितारी उरला होता. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले त्याच्यासमोर शिष्य म्हणून बसले, काम शिकले आणि मग राजवाड्यातच इतरांना शिकवू लागले. आज तिथं माणसं मान खाली घालून ब्रश चालवताना दिसतात, त्याचं कारण हे. कौतुक त्याआधीही होत असणार. कला टिकली ती मात्र कुणी तरी मांडी घालून शिकायला बसलं म्हणून.

तुम्ही म्हणाल, ते राजघराणं होतं, आमच्याकडे दोन दिवस आणि मोजके पैसे. मुद्दा बरोबर आहे. परीक्षा, अटेंडन्स, बसचं भाडं हे सगळं खरंच असतं. ‘आम्ही गेलो म्हणून त्यांना चार पैसे तरी मिळतात’ हेही खोटं नाही. पण हिशेब करून बघा. चाळीस जणांनी प्रत्येकी दोनशे रुपये काढले तर आठ हजार होतात. एका वेळच्या पिझ्झाचं बजेट ते. तेवढे मानधन म्हणून आधी ठरवून दिले, तर तो कार्यक्रम होतो. निघताना ताटलीत नोट टाकली, तर ती भीक होते. पैसे तुमच्याच खिशातले, पण समोरच्या माणसाची मान ताठ राहते की खाली जाते, हे देण्याच्या पद्धतीवर ठरतं.

वेळेचंही तसंच. यादीतली सात ठिकाणं कापून तीन करा. समुद्र कुठे पळून जात नाही. देवदिवाळीपासून तळकोकणात गावोगावच्या जत्रा सुरू होतात, म्हणजे नेमक्या तुमच्या ट्रिपच्या दिवसांत. एक रात्र हॉटेलच्या डीजेऐवजी जत्रेतल्या दशावताराला द्या. मध्यरात्री नाटक उभं राहतं. सुरुवातीला गणपती, रिद्धी-सिद्धी, मग मालवणीतून फिरक्या घेणारा संकासुर आणि त्यानंतर आख्यान. हातात लिहिलेली संहिता नाही, दिग्दर्शक नाही. संवाद तिथल्या तिथं सुचतात, स्त्रीभूमिकाही पुरुषच करतात, आपला मेकअप प्रत्येक जण आपणच करतो. एकांकिका स्पर्धेसाठी दोन-दोन महिने तालमी करणाऱ्यांनी तर हे पाहायलाच हवं. पहाटे दहीकाला होईपर्यंत जागे राहा. डोळे चुरचुरतील, पण दुसऱ्या दिवशी बसमध्ये बोलायला रील नाही, विषय असेल.

रील काढूच नका असं मी म्हणत नाही. विचारून काढा, कलाकाराचं आणि गावाचं नाव लिहा, आणि एक मिनिट झालं की फोन खिशात ठेवा. आपल्याकडे ‘लोककलाकार’ या एका शब्दात सगळ्यांची नावं पुसायची सवय आहे. तुमच्या एका कॅप्शननं ती थोडी तरी मोडेल.

आणखी एक. परत आल्यावर काय? अहवालाचं सबमिशन झालं की फाइल कपाटात जाते. त्यापेक्षा ज्यांच्याकडे गेलात त्यांना पुढच्या वार्षिक महोत्सवात मानानं बोलवा. चित्रकला येणाऱ्यानं दोन दिवस राहून रेषा शिकावी. मराठीच्या विद्यार्थ्यानं एक कथा पूर्ण ऐकून, परवानगी घेऊन, उतरवून काढावी. बी.कॉम.वाल्यांनी लाकडी खेळण्यांच्या एखाद्या कारागिराशी बसून त्याच्या खर्चाचा आणि विक्रीचा हिशेब मांडून द्यावा. फिल्ड प्रोजेक्ट म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

आता ग्रुपवर मेसेज टाका. तुतारी किंवा कोकणकन्या एक्स्प्रेस, कुडाळला उतरायचं, दोन मुक्काम. पिंगुळीत गेल्यावर ड्रायव्हरकाकांना आधीच सांगून ठेवा, की काका, आज हॉर्न वाजवायचा नाही. आमची ती कथा राहिली ती राहिलीच. तुमची तरी शेवटच्या चित्रापर्यंत जाऊ दे.