‘तयार होईल तेव्हा’

डेबियन या मुक्त संगणकप्रणालीची पुढची आवृत्ती कधी येणार, या प्रश्नाला तिच्या स्वयंसेवकांकडून वर्षानुवर्षे एकच उत्तर मिळत असे: ‘तयार होईल तेव्हा.’ हे उत्तर मला मनापासून आवडते. त्यात कारागिराचा ताठा आहे, बाजाराच्या घाईला दिलेला नकार आहे. आपल्याकडच्या साठोत्तरी मंडळींनी स्वतःच्या अंकांना ‘अनियतकालिक’ म्हटले, त्यातही हाच बाणा होता.

परंतु बाण्याची किंमत कोण मोजतो? डेबियनची एक आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली आणि त्यानंतरची थेट जून २००५ मध्ये. मधल्या काळात, ऑक्टोबर २००४ मध्ये, डेबियनच्याच पायावर उबुंटू उभी राहिली आणि तिने दर सहा महिन्यांचा वायदा केला. पर्ल ६ या भाषेची घोषणा २००० साली झाली. ‘नाताळपर्यंत येईल, कोणत्या ते विचारू नका’ असा विनोद तिच्याविषयी रूढ झाला आणि पहिली आवृत्ती खरोखरच २०१५ च्या नाताळात आली. विनोद चांगला होता, पण दीड दशक पुरवावा इतका नव्हे.

‘आम्हाला कोणी पगार देत नाही, मग जाब कसला?’ असा प्रतिप्रश्न येतो आणि तो खोटा नाही. २००६ मध्ये डेबियनच्याच काही मंडळींनी वेळ पाळण्यासाठी आवृत्तीच्या व्यवस्थापकांना वर्गणीतून मानधन देण्याचा प्रयोग केला. बाकीचे फुकट राबतात आणि दोघांनाच पैसे का, म्हणून काहींनी उघडपणे हात आखडता घेतला. ४ डिसेंबरला योजलेली आवृत्ती ८ एप्रिल २००७ ला आली. स्वयंसेवकाला तारखेने बांधता येत नाही, पैशाने तर नाहीच.

पण तारीख सांगणे म्हणजे बांधून घेणे, हे समीकरणच मला चुकीचे वाटते. दिवाळी अंकाचा संपादक काय करतो? कथा कधी पूर्ण होईल हे तो लेखकाला विचारत नाही. मजकूर कधीपर्यंत स्वीकारला जाईल एवढे कळवतो. उशिरा आलेली कथा पुढच्या वर्षी. (संपादकाचे मित्र अपवाद असतात, ते सोडा.) ग्नोम प्रकल्प २००२ पासून साधारण याच रीतीने सहामाही आवृत्त्या काढतो आहे. डेबियननेही पुढे ही वाट धरली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तिच्या ‘ट्रिक्सी’ आवृत्तीसाठी मोठे बदल स्वीकारणे १५ मार्चपासून टप्प्याटप्प्याने थांबवले गेले आणि ते दिवस आधी जाहीर झालेले होते. वस्तू पूर्ण होण्याचा दिवस कोणाच्याच हाती नसतो. नवे घेणे थांबवण्याचा दिवस मात्र असतो.

तारीख चुकली तरी ती वेळेवर चुकवता येते. उबुंटूची एप्रिल २००६ ची आवृत्ती सहा आठवडे लांबणार, ही चर्चा मार्चमध्येच उघडपणे झाली आणि ती १ जूनला आली. उबुंटूमागे कंपनी होती हे खरे. पण आधी सांगायला कंपनी लागत नाही.

पुढच्या बेतांच्या याद्यांबद्दलही असेच. पुष्कळ प्रकल्पांच्या यादीत दहा-बारा मनोरथ मांडलेले असतात, आणि त्यांतले कोणते कोणी अंगावर घेतले आहे याचा पत्ता नसतो. वाचणारा त्याला योजना समजतो. ‘हे करायला आज कोणीही नाही’ एवढे एक वाक्य समोर लिहिले तर कदाचित कोणी पुढेही येईल.

मला हा प्रश्न जवळचा वाटतो तो भाषांतरामुळे. पडद्यावरची वाक्ये अमुक दिवसानंतर बदलणार नाहीत, असे ग्नोम प्रत्येक आवृत्तीपूर्वी जाहीर करते, आणि तिथून भाषांतरकारांचे आठवडे सुरू होतात. इंग्रजी वापरणाऱ्याला त्या दिवसाचा पत्ताही नसतो. मराठीसारख्या भाषेत हे काम मोजकी माणसे नोकरी सांभाळून, रात्री बसून करतात. तो दिवस न सांगता वाक्ये बदलली की नव्या आवृत्तीत अर्धा पडदा मराठी आणि अर्धा इंग्रजी दिसतो, आणि पाहणारा म्हणतो, मराठीवाल्यांनी काम अर्धवट टाकले.