ताटावर आडवा धरलेला हात

नांदूरघाटच्या पंगतीत ताटावर हात आडवा धरला तरी वाढपी बोटांवरून बुंदी सोडतोच. हा आग्रह आम्हाला समजतो. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी सुकडीवर दिवस काढले, त्यांना पोटभर वाढणे म्हणजेच मान देणे वाटते. पण हा मान आता आजार होऊन अंगी लागतो आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एका दिवसाच्या जेवणाने कोणी लठ्ठ होत नाही. भाकरी, भात, गोडधोड यांची साखर आधी यकृतात व स्नायूंत साठते. ही कणगी लहान, सगळी मिळून अर्ध्या किलोच्या आसपास. ती भरली की शरीर आधी साखरच जाळते आणि जेवणातले तेल-तूप चरबी म्हणून बाजूला ठेवते. चरबीची कणगी मात्र फुगतच जाते. रोज असेच चालले, की कातडीखाली न मावलेली चरबी यकृतात आणि आतड्यांभोवती शिरते, इन्सुलिनचे काम अडते आणि मधुमेह दार ठोठावतो.

‘आम्ही तर बारीक,’ असे म्हणू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. यडकिन यांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातील चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! आईच्या पोटातच अन्नाची तूट सोसलेल्या शरीराला पुढे सुबत्ता अधिक बाधते, असे त्यांचे संशोधन सुचवते. ऊसतोडीच्या फडात राबणारा बाप खाल्लेले जाळत होता. तेच ताट दिवसभर दुकानात बसणाऱ्या लेकाला झेपत नाही.

कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात खाऊन धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला, ही संयुत्त निकायातील कथा आपण ऐकतो. भगवंतांनी त्याला उपास सांगितला नाही, जेवणातील मात्रा ओळखायला सांगितली. राजा हळूहळू नाळीभर भातावर आला आणि हलका झाला.

म्हणून एवढे करू या. आडवा हात दिसला की वाढप्याने पुढे सरकावे. ज्या आयाबहिणींच्या वाट्याला शेवटी उरलेलेच येते, त्यांना आधी वाढावे. कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल, तर सरकारी दवाखान्यात साखर तपासून घ्यावी. उपासमारीशी आपण झगडलो. आता पोटभर आणि पोटापेक्षा जास्त यांतला फरकही शिकू या.