बीड जाड आहे, एवढ्याने भागत नाही

मा. संपादक,

घरासोबत मिळालेल्या लाकूड जाळायच्या बेनाम बिडाच्या शेगडीचे व्हर्मॉन्टच्या वाचकाने गेल्या अंकात कौतुक केले. घर तापवायच्या तेलाचे बिल वाचते हे खरेच आहे. पण ‘बीड जाड आहे, काही होत नाही’ हे मला मुळीच पटत नाही.

धोका बिडापेक्षा धुरांड्यात जास्त असतो. ओले लाकूड, त्यात रात्रभर पुरावे म्हणून हवा कोंडून जाळलेले, म्हणजे नळीत डांबरासारखा क्रिओसोटचा थर साचणारच. तो पेटला की तापमान हजार अंश सेल्सियसच्या घरात जाते आणि धुरांड्याचे अस्तर तडकते. विटांमागे लाकडी घर उभे असते!

सुरक्षा-चाचणीची पट्टी नसलेली शेगडी पेट घेणाऱ्या भिंतीपासून ३६ इंच दूर हवी, असे अमेरिकेतील एनएफपीए २११ हे मानक सांगते. पत्रलेखकाची शेगडी पाइनच्या फळ्यांपासून हातभर अंतरावर आहे. फळी आज गरम लागते, एवढेच. पण वर्षानुवर्षे तापलेले लाकूड कमी उष्णतेलाही पेटू शकते. जुन्या शेगडीच्या दारांना लावलेल्या दोरीत अ‍ॅस्बेस्टॉसही असू शकते, ती खरवडू नये.

धुरांडे जाणकाराकडून आतून तपासून घ्या, झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा गजर बसवा, ओलावा २० टक्क्यांखाली आलेलेच सरपण वापरा. तोवर त्या शेगडीत एकही ओंडका घालू नका, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, न्यू हॅम्पशायर