युद्धकैद्याने दाद कुठे मागायची?

16 डिसेंबर 1971 रोजी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याच्या शरणागतीच्या दस्तऐवजावर सह्या झाल्या आणि सुमारे 93 हजार माणसे भारताच्या ताब्यात आली. त्यांत बहुतेक गणवेशातले होते, पण मुलकी अधिकारी आणि काहींची बायकामुलेही होती. दुसऱ्या दिवशी पश्चिम आघाडीवरही लढाई थांबली. या कैद्यांची पाठवणी सुरू झाली सप्टेंबर 1973 मध्ये आणि संपली एप्रिल 1974 मध्ये.

तिसऱ्या जिनिव्हा कराराचे कलम 118 संदिग्ध नाही. प्रत्यक्ष लढाई थांबली की युद्धकैद्यांना विनाविलंब मुक्त करून मायदेशी पाठवायचे. त्यासाठी शत्रूशी समझोता होण्याची वाट पाहायची नाही. समझोता नसेल तर ज्याच्या ताब्यात कैदी आहेत त्या राष्ट्रानेच पाठवणीची योजना आखून ती अमलात आणायची. भारताने हा करार 1950 सालीच स्वीकारला होता.

मग इतका उशीर का झाला? दिल्लीची बाजू पोकळ नव्हती. शरणागती भारत आणि बांगलादेश यांच्या संयुक्त सेनेपुढे झाली होती, म्हणून बांगलादेशच्या संमतीशिवाय कैदी सोडता येणार नव्हते. पाकिस्तान त्या देशाला मान्यता देत नव्हता. लाखो बंगाली पाकिस्तानात अडकून होते आणि ढाक्याला 195 कैद्यांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचे होते. 2 जुलै 1972 च्या सिमला करारात कैद्यांचा विषय पुढच्या बैठकांवर सोडला गेला. पश्चिम आघाडीवरच्या कैद्यांची अदलाबदल डिसेंबर 1972 मध्ये झाली. पूर्वेकडचे मात्र छावण्यांतच राहिले. मे 1973 मध्ये पाकिस्तान आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. अखेर 28 ऑगस्ट 1973 रोजी दिल्लीत तिहेरी पाठवणीचे सूत्र ठरले. फेब्रुवारी 1974 मध्ये पाकिस्तानने बांगलादेशला मान्यता दिली आणि 9 एप्रिलच्या त्रिपक्षीय करारानंतर ते 195 जणही खटल्याविना परतले.

मुत्सद्देगिरी म्हणून हे सारे समजण्यासारखे आहे. कायदा म्हणून ते आम्हाला पटत नाही. खटले ज्यांच्यावर चालवायचे होते त्यांना मागे ठेवण्याची सोय करारातच, कलम 119 मध्ये, आहे. उरलेल्या हजारोंना त्या 195 जणांसाठी किंवा तिसऱ्या देशाच्या मान्यतेसाठी अडकवून ठेवण्याचा आधार करारात सापडत नाही. छावण्यांत त्यांना नीट वागवले गेले, हे भारताला भूषणावह आहे. पण चांगली वागणूक हे कलम 118 चे उत्तर होऊ शकत नाही.

या काळात यांपैकी एखाद्या कैद्याने भारतीय न्यायालयात अर्ज केला असता तर? उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्येच देऊन ठेवले होते, आणि तेही गोव्याच्या एका प्रकरणात. मुक्तीनंतर पोर्तुगीज नागरिकत्व कायम ठेवलेले धर्मगुरू मोंतेरो यांच्यावर परवान्याशिवाय राहिल्याचा खटला भरला गेला. त्यांनी चौथ्या जिनिव्हा कराराचा आधार घेतला. न्यायालय म्हणाले की 1960 चा जिनिव्हा करार अधिनियम भंगाला शिक्षा सांगतो, पण कोणालाही सरकारविरुद्ध दाद मागण्याचा हक्क देत नाही. अधिनियम उघडून पाहा: गंभीर उल्लंघनांना शिक्षा, खटल्याची कार्यपद्धती, रेड क्रॉसच्या चिन्हाचा गैरवापर. पाठवणीबद्दल सरकारवर बंधन घालणारे एकही कलम नाही. करार परिशिष्टात जोडलेले आहेत, इतकेच.

हा निकाल मनेका गांधी (1978) आणि विशाखा (1997) या निर्णयांच्या आधीचा आहे, हे वकील वाचकांनी लक्षात घ्यावे. अनुच्छेद 21 नागरिकांपुरता नाही, ‘व्यक्ती’साठी आहे. भारताने मान्य केलेला आणि देशी कायद्याला छेद न देणारा आंतरराष्ट्रीय करार मूलभूत हक्कांचा अर्थ लावताना वाचता येतो. मोंतेरो निकालाचा फेरविचार मागण्याइतकी जागा आज निश्चित आहे.

आणि हे केवळ शत्रूच्या सैनिकांसाठी नाही. आपले 54 जण पाकिस्तानच्या ताब्यात असल्याचे मानले जाते, असे सरकार संसदेत सांगत आले आहे. पाकिस्तान ते नाकारत आला आहे. त्या यादीत फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे आहेत. ते पकडले गेल्याची बातमी डिसेंबर 1971 मध्ये पाकिस्तानातल्या एका इंग्रजी वृत्तपत्रात आली होती. कलम 122 प्रमाणे असे नाव ताब्यात घेणाऱ्या देशाच्या माहिती केंद्राकडून तातडीने जिनिव्हाला जायला हवे होते. घरच्यांच्या हाती मात्र वर्तमानपत्राचे कात्रण राहिले. आपण स्वतः वेळेचे बंधन कायद्यात लिहून घेतले असते, तर दुसऱ्याकडे ते मागताना आपला शब्द अधिक वजनदार ठरला असता.

लिखित बंधनाचा उपयोग नागरी कैद्यांच्या बाबतीत दिसतो. भारत आणि पाकिस्तान यांच्यातल्या 2008 च्या कौन्सुलर करारामुळे 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही देश नागरी कैदी आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. डहाणू–पालघरच्या खलाशांच्या घरी त्या याद्यांची किंमत माहीत आहे. शिक्षा संपून नागरिकत्व पटल्यावर एका महिन्यात सोडावे हे त्या करारातले कलम पाळले जात नाही, तरी निदान बोट ठेवायला एक कलम आहे.

1960 च्या अधिनियमात तीन तरतुदी घालाव्यात, अशी आमची मागणी आहे: लढाई थांबल्यावर ठरावीक मुदतीत पाठवणीची योजना संसदेपुढे ठेवणे; कायमस्वरूपी माहिती केंद्र; आणि कैद्याला वा त्याच्या कुटुंबाला उच्च न्यायालयात अर्जाचा हक्क. पुढच्या अंकात मसुदा छापत आहोत. विशेषतः मुदत किती असावी आणि कलम 119 चा अपवाद कोणत्या शब्दांत बांधावा, यावर वाचकांनी कलमनिहाय लिहावे.