रांगेत चक्कर आली की नंबर जातो, दुकानदारांनी एवढं तरी करावं

मृग तोंडावर आलाय आणि तालुक्याच्या बाजारपेठेत कृषी सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्यात. मागच्या हप्त्यात अशाच एका रांगेत मी युरियासाठी उभा होतो. दुपारचे बारा वाजून गेलेले. माझ्या पुढं चार माणसं सोडून सत्तरीच्या घरातले एक काका होते, डोक्याला टॉवेल, हातात आधार कार्डाची पिशवी. आधी ते भिंतीला टेकले, मग खाली बसले आणि बसल्या जागी कलंडले. आतून पहिला आवाज आला तो असा, "त्यांना बाहेर पायरीवर घ्या, गिऱ्हाइकाला वाट द्या." बाहेर पायरीवर तर रखरखीत ऊन.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हे एकाच दुकानात होतं असं नाही. लग्नसराईत कापड दुकानात, बाजाराच्या दिवशी किराण्यात, सगळीकडं हेच बघितलंय. माणूस पडला की आधी त्याला दुकानाबाहेर काढायचं.

दुकानदाराची बाजू मी ऐकून घेतली. गर्दीत गल्ल्यावर एकटा माणूस असतो, पैशावरचं लक्ष उडतं. पण खरी भीती पोलिसांची. "उद्या काही झालं तर पोलीस मलाच विचारणार ना?" ही भीती समजण्यासारखी आहे, पण ती खरी किती? रस्ता अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं संरक्षण दिलंय. ते कलम दुकानात पडलेल्या माणसाला लागू नाही, हे खरं. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये, बेशुद्ध माणसाच्या भल्यासाठी चांगल्या हेतूनं केलेली मदत गुन्हा ठरत नाही, अशी तरतूद आहे. जुन्या दंड संहितेतही ती होतीच. माणूस दगावला तर अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि दुकानदाराला जबाब द्यावा लागू शकतो. जबाब देणं म्हणजे आरोपी होणं नव्हे. शिवाय पायरीवर काढून ठेवलं म्हणून जबाब चुकत नाही. पायरी बी त्याच दुकानाची.

आता काकांचं. आम्ही दोघा-तिघांनी त्यांना उचलून गोदामाच्या सावलीत नेलं. शर्टाची बटणं सोडली, टॉवेल भिजवून मानेवर आणि काखेत ठेवला, एकानं पुठ्ठ्यानं वारा घातला. कुणीतरी तोंडात पाणी ओतायला निघालं होतं, त्याला थांबवलं. शुद्ध नसलेल्या माणसाला पाणी पाजलं तर ते फुप्फुसात जातं. त्याला कुशीवर वळवून ठेवायचं. फिट आली तरी तेच, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही आणि दातात चमचा घालायचा नाही. शुगरच्या माणसाला घाम फुटून थरथर सुटली आणि तो गिळू शकत असेल तर साखरपाणी द्यायचं. छातीत दुखत असेल तर त्याला चालवत दवाखान्यात न्यायचं नाही. तोंड वाकडं झालं किंवा एक हात लुळा पडला तर किती वाजले ते लिहून ठेवायचं, डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

१०८ ला फोन लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. महाराष्ट्रात ही मोफत सेवा २०१४ पासून आहे, तरी आपण जीप शोधत पळतो. फोनवर तालुका, रस्ता आणि जवळची खूण सांगावी, फोन चालू ठेवावा आणि एक पोरगं चौकात उभं करावं. बाजाराच्या दिवशी गाडी दुकानापर्यंत पोचतच नाही, म्हणून ते पोरगं महत्त्वाचं.

काकांच्या घरी कळवायचं तर त्यांच्या मोबाईलला लॉक. त्याच दुकानात काकांची उधारी आहे, वहीत नाव आहे. वसुलीच्या वेळी बरोबर पोराला फोन जातो, मग चक्कर आल्यावर नंबर का सापडू नये? वही उघडायला सांगितली तेव्हा नंबर निघाला.

बाई पडली तर आणखी अडचण. पुरुष हात लावायला बिचकतात, नुसते गोल करून बघत उभे राहतात. अशा वेळी दुकानातल्या दुसऱ्या बाईला हाक मारावी, गर्दी हटवावी. पण बाई कुणी नसली म्हणून तिला तशीच पडू देऊ नये.

पंधरा-वीस मिनिटांनी काका सावध झाले. डोळे उघडून पहिलं काय विचारलं असेल? "माझा नंबर गेला का?" सकाळी सातपासून ते उपाशी उभे होते. खताच्या गोणीला मशीनवर अंगठा लागतो. ज्याच्या नावावर सातबारा त्यालाच घेऊन या, असं काही दुकानात सांगतात. म्हणून पोराऐवजी म्हातारा रांगेत येतो. मळमळ होते, डोळ्यापुढं अंधारी येते, तरी तो हलत नाही, कारण हलला की नंबर जातो. माझ्या मते दुखणं इथं सुरू होतं. ४५ किलोच्या गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे, आणि तेवढ्यासाठी माणूस पाच तास उन्हात.

ह्याला खर्च काय लागतो? सकाळीच नंबराच्या चिठ्ठ्या वाटाव्यात. पुढं एक ताडपत्री, पाण्याचा माठ आणि म्हाताऱ्या माणसांना दोन बाकडी. ज्याला बरं वाटत नाही त्याचा नंबर राखून ठेवला जाईल, असं दुकानदारानं तोंडानं सांगावं, म्हणजे माणूस पडायच्या आधीच बाजूला बसेल. काउंटरवरच्या एका पोराला वरचं सगळं शिकवून ठेवावं. तालुक्यात बियाणं-खत विक्रेत्यांच्या बैठका होतात, तिथं कृषी खात्याच्या लोकांनी साठ्याच्या हिशेबाबरोबर हे बी विचारावं.

त्या दिवशी काकांचा नंबर गेलाच होता. रांगेतल्या लोकांनी त्यांना पुढं घ्यायला हरकत घेतली नाही, पण तोवर माल संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ते परत रांगेत होते, ह्या वेळी नातू सोबत घेऊन.